शेअर पाच, क्षेत्रं पाच, तरी सगळे एकाच दिवशी पडले. बाबांचे पैसे काढून घेऊ का?

शिरोली_अकाउंट्स

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत अकाउंट्स बघते. प्रश्न माझ्या बाबांच्या पैशांचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबा साखर कारखान्यात लॅब केमिस्ट होते. रिटायर झाल्यावर फंड आणि ग्रॅच्युइटीचे जे पैसे आले त्यातले बरेचसे पोस्टात आणि बँकेत ठेवले. उरलेल्यातून २०२३ मध्ये त्यांच्या डीमॅटवर मी शेअर्स घेतले. आज त्यांची किंमत नऊ लाखांच्या घरात आहे. आयआरएफसीचे (रेल्वेला पैसे पुरवणारी सरकारी कंपनी) ३,०००, सरासरी ३३ रुपयांना घेतलेले, एका सरकारी बँकेचे, एचपीसीएल (हिंदुस्तान पेट्रोलियम), कोल इंडिया आणि उत्तर प्रदेशातल्या एका साखर कंपनीचे. घेताना मुद्दाम वेगवेगळी क्षेत्रं निवडली होती. रेल्वे, बँक, तेल, कोळसा, साखर. एक खाली आलं तर दुसरं सांभाळेल, असा हिशोब होता.

४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागत होता तेव्हा मी ऑफिसात होते. जेवणाच्या सुट्टीत मोबाईल उघडला तर पाचच्या पाच लाल, आणि थोडेथोडके नाही. पुढच्या आठवड्यात बरंचसं भरून आलं. पण बाबांनी तो आकडा बघितला होता. तेव्हापासून दिल्लीत काहीही हललं, कुठला मित्रपक्ष रुसला, ट्रम्प काही बोलले, बजेट जवळ आलं, की संध्याकाळी चहाला विषय तोच. "विकून टाक बाई, जिल्हा बँकेत ठेव, रात्री झोप तरी लागेल."

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. राजकारण डळमळीत दिसायला लागलं की खरंच बाहेर पडावं का? आणि क्षेत्रं वेगवेगळी असताना सगळं एकदम का पडलं? टीव्हीवरच्या टिप्स नकोत. ज्यांनी हे बघितलंय त्यांनी सांगावं.

राजारामपुरी_ट्रेडर

ताई, सोपं आहे. निकालाच्या आधी विकायचं, निकाल लागून घबराट झाली की खालच्या भावात परत घ्यायचं. ४ जूनला दुपारी मी घेतलं आणि तीन दिवसांत सुटलो. राजकीय गोंधळ म्हणजे कमवायची संधी, घाबरायचं कशाला?

टर्मिनलवाले_काका

ताई, मी शाहूपुरीत बरीच वर्षं सब-ब्रोकर होतो, आता धंदा मुलाकडे दिलाय. सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, नोंदलेला सल्लागार मी नाही, त्यामुळे जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगतो. सुरुवात तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून करतो, म्हणजे पहिला आपोआप सुटेल.

क्षेत्रं पाच आहेत, बरोबर. पण प्रत्येक कंपनीला एकच प्रश्न विचारून बघा: हिच्या मालाचा भाव कुणाच्या हातात आहे? आयआरएफसी पैसे उभे करते आणि रेल्वेला देते. गिऱ्हाईक जवळजवळ एकच, आणि त्यावर किती मार्जिन घ्यायचं ते रेल्वे मंत्रालयाशी बोलून ठरतं. कोल इंडियात सरकारचा ६३ टक्के हिस्सा आहे आणि वीज केंद्रांना जाणारा बहुतेक कोळसा जाहीर केलेल्या दरानं जातो. तुमची बँक सरकारच्या मालकीची. साखरेचं ऊसवाले इथं कुणीतरी सांगतीलच.

राहिलं एचपीसीएल. पेट्रोलचे भाव २०१० पासून आणि डिझेलचे २०१४ पासून कागदावर खुले आहेत. आता प्रत्यक्षात काय होतं बघा. ४ नोव्हेंबर २०२१ ते २२ मार्च २०२२ या काळात पंपावरचा भाव हलला नाही. मध्ये उत्तर प्रदेश, पंजाबसह पाच राज्यांच्या निवडणुका होत्या, १० मार्चला निकाल लागले. त्याच दिवसांत रशिया-युक्रेन युद्ध पेटलं आणि कच्चं तेल शंभर डॉलरच्या पार गेलं. निकालानंतर दोन आठवडे भाव वाढवले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत थांबवले. त्या एप्रिल-जून तिमाहीत एकट्या एचपीसीएलला १०,१९७ कोटींचा तोटा झाला. कंपनीची माणसं कामात कमी पडली असं काही नव्हतं. रिफायनरी चालू होती, टँकर भरून जात होते, आपल्या पंपांवर गाड्यांची रांग होती. विकण्याचा भाव तेवढा त्यांच्या हातात नव्हता.

म्हणजे तुम्ही शेअर पाच घेतले, पण पाचही एकाच सहीवर चालणारे. त्या सहीचा माणूस बदलतोय की काय अशी शंका ४ जूनला आली आणि पाचही एकदम खाली आले.

त्या दिवसाचे आकडे मला पाठ आहेत, कारण मुलगा फोनवर होता आणि मी शेजारी बसून लिहून घेत होतो. आदल्या दिवशी, ३ जूनला, एक्झिट पोलच्या जोरावर सेन्सेक्स २,५०० अंशांनी चढून ७६,४६९ वर बंद झाला होता. ४ तारखेला तो ४,३९० अंशांनी, म्हणजे पावणेसहा टक्के आपटला आणि ७२,०७९ वर आला. भाजपच्या स्वबळावर २४० जागा, मित्रपक्ष धरून एनडीएच्या २९३. आता क्षेत्रं बघा. निफ्टीतला सरकारी बँकांचा निर्देशांक सुमारे १५ टक्के पडला, सरकारी कंपन्यांचा सोळाच्या आसपास. आणि त्याच दिवशी साबण, बिस्किटं, चहा विकणाऱ्यांचा एफएमसीजी निर्देशांक हिरव्यात बंद झाला. हिंदुस्तान युनिलिव्हर तर सहा टक्क्यांच्या आसपास वर होता. देश तोच, निकाल तोच, दिवस तोच. बाजाराचा तर्क असा होता की मित्रपक्षांवर टेकलेलं सरकार आलं तर पैसा रस्ते-रेल्वेवरून गावाकडच्या योजनांकडे वळेल. पुढं काय झालं तेही सांगतो: जुलैच्या बजेटमध्ये भांडवली खर्चाचा आकडा ११.११ लाख कोटीच राहिला, फेब्रुवारीत होता तोच. आणि सेन्सेक्स तर त्याच्या कितीतरी आधी, ७ जूनलाच, ३ जूनच्या वर जाऊन बसला होता.

बाबांना हे नक्की सांगा, कारण त्यांच्या भीतीला आधार आहे आणि तिचं उत्तरही आहे. सगळा बाजार धरला तर राजकीय धक्का फार काळ टिकत नाही. मी याहून मोठा धक्का बघितलाय. १७ मे २००४, सोमवार. वाजपेयी सरकार गेलेलं, नवं सरकार डाव्यांच्या पाठिंब्यावर येणार आणि सरकारी कंपन्या विकायचं धोरण गुंडाळलं जाणार, हे शनिवार-रविवारी सगळीकडे झालेलं. सकाळी बाजार उघडला आणि थोड्याच वेळात स्क्रीन गोठली, सर्किट लागलं, म्हणजे बाजार ठरावीक टक्के हलला की व्यवहार थांबवतात ते. परत चालू झाला, परत सर्किट. माझ्या ऑफिसात गुळाचे अडते उभे, काही जण मार्केट यार्डातून सौदा अर्धा टाकून आलेले. फोन वाजत होते आणि मी कुणालाच भाव सांगू शकत नव्हतो, कारण भावच नव्हता. दिवसात सेन्सेक्स ८४२ अंश खाली जाऊन आला आणि शेवटी ५६४ अंश खाली, ४,५०५ वर बंद झाला. एका दिवसात ११ टक्के. एका म्हाताऱ्या अडत्यानं मला विचारलं, "उद्या बाजार उघडणार हाय न्हवं?" त्यांनी हे मनापासून विचारलं होतं.

उघडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर सेन्सेक्स ६,६०२ वर होता. २००७ च्या अखेरीस २० हजारांच्या पुढं. म्हणजे ज्या सरकारला बाजार इतका घाबरला, त्याच सरकारच्या काळात बाजार चौपटीच्या वर गेला.

आता क्षेत्राचा भाग इथं येतो. त्या चढात सगळे सारखे वर गेले नाहीत. तेल विकणाऱ्या सरकारी कंपन्या मागं राहिल्या. निर्गुंतवणूक थांबली होती, कच्चं तेल महाग होत गेलं आणि पंपावरचा भाव दाबून ठेवलेला. निर्देशांकाची जखम काही महिन्यांत भरली, पण ज्यांच्या कमाईचा निर्णय दिल्लीत होतो त्यांची वर्षानुवर्षं ओली राहिली. मला सांगायचंय ते एवढंच. सरकार कुणाचं येईल याचा अंदाज बांधत बसू नका, तो कुणाला जमत नाही, एक्झिट पोलवाल्यांनाही जमला नाही. आपली कंपनी त्या अंदाजावर किती अवलंबून आहे ते मोजा. ते घरबसल्या मोजता येतं.

याची उलटी बाजूही बघून ठेवा. १९९६ ते १९९९ या काळात देशात तीनदा लोकसभेच्या निवडणुका झाल्या. वाजपेयींचं १३ दिवसांचं सरकार, मग देवेगौडा, मग गुजराल, मग परत वाजपेयी आणि तेही एप्रिल १९९९ मध्ये एका मतानं पडलं. मार्च १९९७ च्या शेवटी काँग्रेसनं देवेगौडांचा पाठिंबा काढला तेव्हा सेन्सेक्स एका दिवसात आठ टक्के पडलेला मला आठवतोय, जेमतेम महिन्यापूर्वी चिदंबरम यांच्या बजेटवर सगळे खूश होते. याहून अस्थिर काळ मी तरी बघितला नाही. आणि याच काळात इन्फोसिस, विप्रोसारखे सॉफ्टवेअरचे शेअर्स कुठल्या कुठं गेले. गिऱ्हाईक अमेरिकेत, बिल डॉलरमध्ये. दिल्लीत पंतप्रधान कोण याच्याशी त्या बिलाचा संबंध नव्हता. पुढं २००० साली अमेरिकेतला फुगा फुटला तेव्हा हेच शेअर्स कोसळले, आणि तेव्हा दिल्लीत सरकार अगदी स्थिर होतं. धोका तिथंही होताच. फक्त तो दुसऱ्या गावाहून येत होता, आणि वेगवेगळ्या गावांहून येणारे धोके एकाच दिवशी दारात येत नाहीत.

खासगी कंपनी घेतली म्हणजे सुटलो, असंही समजू नका. जुलै २०१७ मध्ये जीएसटी परिषदेनं सिगारेटवरचा उपकर वाढवला आणि दुसऱ्या दिवशी आयटीसी जवळजवळ १३ टक्के पडला. एकट्या त्याच्या वजनानं सेन्सेक्स साडेतीनशेच्या वर अंश खाली आला. तेव्हा दिल्लीतलं सरकार डळमळीत नव्हतं, लोकसभेची निवडणूक नव्हती.

राजारामपुरीच्या भावाला एकच सांगतो. ४ जूनला तुला जमलं, चांगलं झालं. पण १८ मे २००९ आठव. निकाल सगळ्यांच्या अंदाजापेक्षा स्पष्ट लागला आणि बाजार उघडताच वरच्या सर्किटला जाऊन थांबला. दोन तासांनी उघडला, परत लगेच सर्किट, आणि दिवसाचा बाजार बंद. सेन्सेक्स २,११० अंश, म्हणजे १७ टक्के वर. "निकाल लागू दे, मग घेतो" म्हणून विकून बसलेले माझे गिऱ्हाईक ऑफिसात होते. त्यांना एक शेअर मिळाला नाही. आणि ऑप्शनमध्ये (पुढच्या भावावरच्या सौद्यांत) खेळणाऱ्या पोरांसाठी: निकालाच्या आधी अनिश्चिततेपोटी प्रीमियम, म्हणजे त्या सौद्याची किंमत, फुगतो. ४ जूनला इंडिया व्हिक्स (बाजाराची धास्ती मोजणारा निर्देशांक) ३० च्या वर गेला होता, ७ तारखेला १७ च्या खाली. दिशा बरोबर ओळखूनही पैसे जातात ते असे. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास काढला त्यात तीन वर्षांत एफ अँड ओमधले (फ्युचर्स-ऑप्शनच्या सौद्यांतले) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. हे आकडे तुझ्या मित्रांनाही दाखव.

उद्यमनगर_कास्टिंग

काकांच्या "भाव कुणाच्या हातात" या प्रश्नाला माझा एक अनुभव जोडतो. उद्यमनगरात आमची छोटी फौंड्री आहे, पंप आणि ट्रॅक्टरची कास्टिंग्ज काढतो.

२०२२ च्या उन्हाळ्यात पिग आयर्नचा (आम्ही वितळवतो त्या कच्च्या लोखंडाचा) भाव असा चढत होता की पुरवठादार फोन उचलायचा नाही, उचलला तर म्हणायचा, "रेट गाडी भरल्यावर सांगतो." आम्ही गिऱ्हाईकाला तीन महिन्यांचा भाव बांधून दिलेला, आणि लोखंड दर आठवड्याला नवं. २१ मे, शनिवारी संध्याकाळी केंद्रानं जाहीर केलं: पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर आणि पिग आयर्नवर १५ टक्के निर्यात शुल्क, लोहखनिजावर ५० टक्के, वर कोकिंग कोलचं (पोलादासाठी लागणाऱ्या कोळशाचं) आयात शुल्क काढलं. सोमवारी टाटा स्टील साधारण १२ टक्के पडला, जेएसडब्ल्यूही तसाच. टीव्हीवर सगळे मेटल मेलं म्हणून ओरडत होते. आणि त्याच आठवड्यात आमच्या पुरवठादाराचा स्वतःहून फोन आला, "किती टन पाठवू?"

निर्णय एकच. लोखंड विकणाऱ्याला मार बसला आणि लोखंड वितळवणाऱ्याला दम खायला मिळाला. १९ नोव्हेंबरला ते शुल्क काढून टाकलं, तेव्हा याच्या बरोबर उलटं. म्हणून नुसतं "मेटल क्षेत्र" असं बोलून भागत नाही. त्या साखळीत आपली कंपनी कुठल्या टोकाला उभी आहे ते बघावं लागतं.

आणि आता सही फक्त दिल्लीची राहिलेली नाही. जून २०२५ पासून अमेरिकेनं पोलाद-ॲल्युमिनियमवर ५० टक्के शुल्क लावलं, त्याआधी वाहनांच्या सुट्या भागांवर २५ टक्के. आमचा थेट एक्सपोर्ट नाही, पण ज्यांना आम्ही माल देतो त्यांचा आहे. त्यांच्या शेड्यूलमध्ये आकडा कमी झाला की आमची भट्टी एक पाळी कमी चालते. कागल-गोकुळ शिरगावकडची मंडळी यावर जास्त सांगू शकतील.

शिरोळ_ऊस

साखरेचं मी सांगतो. शिरोळ तालुक्यात आमचा ऊस आहे, आणि ताई, तुमच्या बाबांना यातलं माझ्यापेक्षा जास्त कळत असणार.

साखर कंपनीचा खर्च सरकार ठरवतं आणि कमाईही सरकारच ठरवतं. उसाची एफआरपी (कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान भाव) २०१९-२० ला क्विंटलला २७५ रुपये होती, २०२४-२५ ला ३४०. (आपला उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, चांगला म्हणून आपल्याकडे ती जास्त बसते, ते वेगळं.) साखरेचा किमान विक्री दर मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये किलो ठरला आणि ही सगळी वर्षं तिथंच राहिला. वर जून २०२२ पासून निर्यातीवर बंधनं. तुमची कंपनी उत्तर प्रदेशातली, म्हणजे तिला आणखी एक मालक. तिथं उसाचा भाव राज्य सरकार वेगळा जाहीर करतं. दोन सरकारं, दोन निवडणुका.

मग कारखान्यांना श्वास मिळाला तो इथेनॉलचा. सगळ्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या. ऑगस्ट २०२३ कोरडा गेला, १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. साखर कमी पडेल, महागेल, आणि लोकसभा तोंडावर. ७ डिसेंबरला आदेश निघाला: उसाचा रस आणि सिरप इथेनॉलला वापरायचा नाही. गाळप हंगाम ऐन भरात होता. गावातल्या कट्ट्यावर आम्ही बसलो होतो, कारखान्यात काम करणारा एक पोरगा आला आणि म्हणाला, टाक्या धुवायला सांगितल्यात. साखरेचे शेअर्स त्या दिवशी धाडकन पडले. आठवडाभरानं १७ लाख टन साखरेएवढी मोकळीक दिली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या हंगामासाठी बंदी उठवली. तोवर निवडणूक होऊन गेली होती.

शहरात स्वस्त साखर पाहिजे ही सरकारची अडचण मला कळते. पण ज्याचे पैसे रिटायरमेंटचे आहेत त्यानं इतक्या एका आदेशावर हलणाऱ्या धंद्यात किती ठेवावेत, हा विचार करायलाच पाहिजे. आम्ही शेतकरी त्या धंद्यातून बाहेर पडू शकत नाही. तुम्ही पडू शकता.

शिरोली_अकाउंट्स

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा आणि शिरोळच्या दादांचा रिप्लाय मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. टाक्या धुण्याचं ऐकल्यावर बाबा बराच वेळ डिसेंबर २०२३ बद्दलच बोलत होते. त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांचे फोन आले होते म्हणे तेव्हा. शेवटी म्हणाले, "आयुष्यभर साखरेत होतो, रिटायर झाल्यावर परत साखरेतच कशाला?" म्हणजे साखर जाणार हे नक्की.

आता पुढचं. सगळं विकायचं नाही हे मलाही पटलं. पण मग काय काढायचं, काय ठेवायचं आणि टॅक्सचं कसं? सगळ्यात जास्त नफा आयआरएफसीत दिसतोय म्हणून तो विकायला हात होत नाही. आणि विकून इंडेक्स फंडात (निर्देशांकातले सगळे शेअर्स घेणारा म्युच्युअल फंड) टाकलं तर राजकारणापासून सुटका होते का?

टर्मिनलवाले_काका

ताई, पूर्ण सुटका कुठंच नाही. निफ्टीच्या इंडेक्स फंडात एक तृतीयांशाहून जास्त वजन बँका आणि वित्त कंपन्यांचं, त्यातही खासगी बँका जास्त. मग आयटी, तेल-वायू, गाड्या, औषधं, एफएमसीजी असं पसरलेलं. ४ जूनला तोही पावणेसहा-सहा टक्के पडला होता. पण तुमच्या पाच शेअर्सपेक्षा निम्म्याहून कमी पडला आणि लगेच भरून आला. तुम्हाला हवंय ते एवढंच: एका आदेशानं सगळं हलू नये. आणि आता पडणाऱ्या बाजाराला आधारही देशातला आहे. २००४ ला परदेशी संस्था विकायला निघाल्या की समोर घेणारं फारसं कुणी नसायचं. एप्रिल २०२४ मध्ये एसआयपीचा (म्युच्युअल फंडातल्या दरमहा गुंतवणुकीचा) महिन्याचा आकडा पहिल्यांदा २० हजार कोटींच्या वर गेला. आपल्या कोल्हापुरातल्या शिक्षक-नोकरदारांचे दोन-दोन हजारही त्यात आहेत.

आयआरएफसीबद्दल स्पष्ट बोलतो. जानेवारी २०२१ मध्ये २६ रुपयांनी इश्यू आला, आणि बाजारात पहिल्या दिवशी त्याच्याही खालच्या भावाला उघडला. जुलै २०२४ मध्ये २२९ पर्यंत गेला. मार्च २०२५ मध्ये ११० च्या खाली येऊन गेला. या सगळ्या काळात सरकार तेच होतं, कुणी पाठिंबा काढला नाही. झालं एवढंच की रेल्वेची बजेटमधली तरतूद २०२४-२५ ला २.५२ लाख कोटी होती आणि २०२५-२६ लाही तेवढीच राहिली, आणि भाव मात्र ती दरवर्षी वाढणार असं धरून पळाला होता. कंपनी वाईट नाही, बुडीत कर्ज जवळजवळ नाहीच. पण बाबांच्या नऊ लाखांत तिचं एकटीचं वजन फार झालंय.

क्रम विचारलात तर आधी साखर, कारण तिथं दोन सरकारं आहेत आणि बाबांनीही ठरवलंय. मग आयआरएफसी कमी करा. कोल इंडिया लाभांशासाठी थोडा राहू दे, बाबांना दरवर्षी काहीतरी हातात येतं. बँक आणि एचपीसीएल यांतला एकच ठेवा, कुठला ते तुम्ही ठरवा.

आता हिशोब. वर्षाच्या वर ठेवलेल्या शेअर्सवर, जुलै २०२४ च्या बजेटपासून, एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला कर नाही, त्याच्या वर साडेबारा टक्के. भाव १२५ धरा. शेअरमागं नफा ९२ रुपये, ३,००० वर २,७६,०००. सगळे एकदम विकले तर १,५१,००० वर कर, म्हणजे १८,८७५ आणि त्यावर ४ टक्के सेस, एकूण १९,६३०. तेच १,३५० शेअर्स ३१ मार्चच्या आत विकले तर नफा १,२४,२००, कर शून्य. उरलेले १,६५० एप्रिलमध्ये विकले तर १,५१,८०० नफा, त्यातल्या फक्त २६,८०० वर कर, सेस धरून ३,४८४ रुपये. साखर आणि बाकीच्यांवरचा नफाही त्याच सव्वा लाखात मोजला जातो, त्यामुळे साखरेत तोटा असेल तर तो याच वर्षी घ्या, आयआरएफसीच्या नफ्यातून वजा होईल. तोटा दीर्घ मुदतीचा असला तर दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच वजा होतो, एवढं लक्षात ठेवा.

अजून एक. बाबांचं पेन्शन ईपीएस-९५ चं (प्रॉव्हिडंट फंडाबरोबरच्या पेन्शन योजनेचं) असेल तर ते थोडंच असणार. पेन्शन आणि पोस्टाचं व्याज धरून त्यांचं बाकीचं उत्पन्न नव्या कररचनेतल्या ४ लाखांच्या मर्यादेपेक्षा कमी भरत असेल, तर जेवढं कमी पडतं तेवढा या नफ्यातला भाग करातून आधी वजा होतो. ते बरंच कमी पडत असेल तर दोन वर्षांत विभागायचीही गरज कदाचित पडणार नाही. मात्र १२ लाखांपर्यंत कर नाही असं जे सगळे म्हणतात, ती सवलत या नफ्याला लागत नाही, बरेच जण तिथं फसतात. तुम्ही स्वतः अकाउंट्समध्ये आहात, बाबांचं २६एएस आणि एआयएस (आयकर खात्याकडची त्यांच्या उत्पन्नाची आणि कापलेल्या कराची नोंद) एकदा उतरवून बघा.

विकताना ओटीपी बाबांच्या मोबाईलवर येईल, त्यांना शेजारी बसवूनच करा. आणि आलेल्या पैशातली त्यांची पुढच्या दोन-तीन वर्षांची गरज, औषधं, घराचं काही काम असेल तर ते, बाजूला काढून खुशाल जिल्हा बँकेत ठेवा. बाबा म्हणतात तसं.